पंचमी होऊ दे

आषाढ सरत आला की माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. डॉक्टर म्हणतात, वय झालं. सुना म्हणतात, पाऊसकाळाची हवा. मी सगळ्यांचं ऐकून घेते आणि तेल लावते. या अंगठ्यानं किती हात मळले, त्याचा हिशेब कुणाला सांगू? शेतात खुरपून राठ झालेले हात, मेंदीनं लाल झालेले, तापानं वाळलेले, पहिल्यांदाच माहेरी आलेल्या पोरींचे लाजून घामेजलेले हात. आता पोरी दुकानात जातात, सैल बांगडी उचलतात आणि स्वतःच सरकवून घेतात. मनगटावर ती खुळखुळत राहते. आमच्या वेळी सैल बांगडी घातली की बाया हसायच्या. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली पाहिजे, क्षणभर श्वास अडकला पाहिजे आणि मग ती मनगटावर उतरली पाहिजे. तो अडलेला श्वास दोघींचा असायचा, जिला बांगडी भरायची तिचा आणि भरणारीचा. तिला हात दुखायची भीती. मला बांगडीची.

ज्या पाऊसकाळाची आठवण या दुखण्याबरोबर येते, त्या साली मी विशीत होते. बसवकल्याणला तेव्हा सगळे कल्याणीच म्हणायचे. राज्य निजामाचं होतं, कचेरीत उर्दू, बाजारात कानडी, आमच्या घरात मराठी. लढाई संपत आल्याचं लोक म्हणायचे, पण बाजारात काही आल्याचं दिसत नव्हतं. साखर नाही, घासलेट नाही, आणि उत्तरेकडून रेल्वेनं सोलापुराला येणारी काचही नाही. माझे मालक उमरग्याच्या मोटारीवर क्लीनर होते. पदरात वर्षाची लेक होती. त्यांच्या पगारात भागेना म्हणून मी शिवलिंगअप्पांच्या बांगड्यांच्या दुकानात कामाला लागले होते. अप्पांचं दुकान म्हणजे एक दार, एक गादी आणि भिंतीभर दोरीत ओवलेल्या बांगड्या. आत शिरलं की बांगड्यांभोवती गुंडाळून येणाऱ्या वाळल्या गवताचा वास यायचा, त्यात अप्पांच्या कपाळावरच्या भस्माचा आणि साबणाच्या पाण्याचा.

अप्पांकडे आधीपासून काशीअक्का होती. पन्नाशीकडे झुकलेली, उंच, मोठ्या हाडाची. तिचे हात पाहून कुणाला वाटू नये की हे इतकं नाजूक काम करत असतील. ती समोरच्या बाईशी बोलता बोलता, कुणाची सून नांदते, कुणाची म्हैस व्यायली असं विचारता विचारता पंजा मळायची, आणि बाई उत्तर देत असतानाच बांगडी मनगटावर गेलेली असायची. मी आले तेव्हा तिनंच मला शिकवलं. “हाताकडं बघू नकोस, तोंडाकडं बघ,” म्हणायची. “तोंड ढिलं पडलं की हात ढिला पडतो.”

तिचा नवरा गुंडाप्पा सोलापुरात गिरणीत होता. वर्षातून एकदा, पंचमीला यायचा. घरी तिची आंधळी सासू होती. काशीअक्का दारात आली की म्हातारी बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायची आणि “आलीस का गं?” म्हणून विचारायची.

त्या आषाढात अप्पांनी आम्हा दोघींना गादीसमोर बसवलं. त्यांना कडू बोलता यायचं नाही. त्यामुळं कडू बोलायची वेळ आली की ते भिंतीकडं पाहून बोलायचे.

“माल यीना झालाय,” ते म्हणाले. “हाय तेवढा पंचमीपतोर जाईल. पुढं दोघींना ठेवायला मला जमंना. एकीलाच ठेवता यील.”

काशीअक्कानं विचारलं, “कुणाला?”

“मी काय आत्ताच सांगावं? पंचमी होऊ दे. काम बघून सांगतो.”

काम बघून. तेव्हापासून हे दोन शब्द कानावर पडले की मी हातातलं काम थांबवून ऐकते. त्याच दिवशी अप्पांनी गादीमागं दोन डबे ठेवले. एक तिचा, एक माझा. आमच्या हातून जी बांगडी वाढेल तिचे तुकडे त्या त्या डब्यात टाकायचे. बांगडी फुटली असं आम्ही कधीच म्हणायचो नाही. सवाष्णीची बांगडी फुटत नसते, वाढते. पण डब्यात पडताना तिचा आवाज फुटल्याचाच यायचा. मी दारात बसून गिऱ्हाइकाचा हात मळत असायचे आणि मागं टिण्ण वाजलं की मान न वळवता अंदाज घ्यायचे, कुणाचा डबा? तिचा वाजला की बरं वाटायचं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटायचं. जिनं मला बांगडी धरायला शिकवली, तिची बांगडी वाढावी म्हणून मी कान देऊन बसले होते.

कामाला असणाऱ्या माणसाच्या मनात हा असा कान उगवतो. तो एकदा उगवला की जात नाही. दुकानदार कुणाशी हसून बोलला, कुणाला आधी हाक मारली, आज आपल्याकडं न बघताच चहा प्याला, सगळं तो टिपतो. घरी लेकीला पाजतानाही मी अप्पांचा चेहरा आठवत बसायचे. माझे मालक म्हणायचे, “तुला कामून काढतील? तू काय चोरी करायलीस का?” त्यांना कसं सांगावं, की चोरी न करताही माणसाला काढतात. एकाचीच जागा असली की दुसऱ्यानं काही करावं लागत नाही.

सगळे ओढे भरून वाहत होते. मोटार वेळेवर आली नाही तर दुकानात माझं माप चुकायचं. उमरग्याकडच्या एका ओढ्यात पाणी चढलं की मोटार अलीकडं थांबवायची, क्लीनरनं पाण्यात उतरून खोली बघायची, मग ड्रायव्हरला हात करायचा. पाण्यात उतरणारा तो क्लीनर माझा नवरा होता. संध्याकाळी वेशीकडून हॉर्न ऐकू आला की माझा अंगठा पुन्हा वळणावर यायचा.

पंचमीला आठवडाही राहिला नव्हता, तेव्हा दुपारच्या मोटारीतून एक माणूस उतरून दुकानाच्या मागल्या दारी आला. काशीअक्काच्या माहेरच्या गावचा मारुती. तोही सोलापुरात गिरणीतच होता. काशीअक्का वाण्याच्या आळीत बांगड्या भरायला गेली होती. अप्पा जेवायला गेले होते. मी एकटीच साबणाचं पाणी बदलत होते. त्यानं काखेतलं गाठोडं खाली ठेवलं आणि उकिडवा बसला.

“काशीअक्का न्हाई का?”

“यील आता. बसा की.”

“बसत न्हाई,” तो म्हणाला आणि तरी बसूनच राहिला. मग मातीत बोटानं रेघा ओढत म्हणाला, “गुंडाप्पा गेला. पटकी झाली. एका रात्रीत गेला. आमी मातीला होतो.”

मी हातातलं पाण्याचं भांडं तसंच धरून उभी राहिले.

“तूच सांग तिला,” तो म्हणाला. “मला तिच्या तोंडाकडं बघणं व्हईना.” आणि तो उठला. मी अहो, अहो म्हणत दारापर्यंत गेले, तोवर तो आपल्या गावच्या वाटेला लागलाही होता. गाठोड्यात एक सदरा होता, धोतर होतं आणि घडी न मोडलेला एक हिरवा खण. पंचमीला येताना आणायचा म्हणून घेतलेला.

मी काय विचार केला, ते आज लिहितानाही मला नीट सांगता येत नाही. पहिला विचार गुंडाप्पाचा नव्हता. पहिला विचार असा, की सवाष्णींना बांगड्या भरायला सवाष्णच लागते. म्हणजे काशीअक्काची जागा गेली. म्हणजे माझी राहिली. एवढं सगळं एका क्षणात मनातून गेलं. त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला. वेशीजवळच्या मोटारीवर आत्ता जो माणूस टपावरचं सामान उतरवत असेल, त्याच्या जिवावर माझी नोकरी उभी आहे. माझ्या हातावर नाही. मी कितीही चांगलं काम करो, डबा कितीही रिकामा राहो, एखाद्या ओढ्याला पाणी जास्त आलं की मी कामाची राहणार नाही.

दिवेलागणीच्या आधी काशीअक्का परतली, तशी मी तिला मागच्या परसात नेलं. गाठोडं दाखवलं. सांगितलं. ती ऐकत उभी राहिली. मग खण हातात घेऊन तिनं त्याचा काठ बोटांत चोळून पाहिला, बाजारात कापड बघतात तसा.

“कुणाकुणाला ठाऊक हाय?”

“मलाच. मारुती थांबलाच न्हाई, तसाच गावाला गेला.”

“अप्पाला?”

“न्हाई.”

तिनं खण घडी करून गाठोड्यात ठेवला. “हे तुझ्या घरी ठेव,” म्हणाली. “पंचमी होऊ दे.”

“अक्का, पण…”

“अगं, म्हातारीला मी काय खायला घालू? पंचमीचा पगार हातात पडू दे. मग बघते.” तिच्या हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. “आणि मी आत्ता घरी बांगड्या न घालता गेले तर तिला उंबऱ्यातच कळंल. तिचा ल्योक हाय तो.”

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी आली. कुंकू लावलेलं, डोक्यावर पदर. डोळे कोरडे. रडलेले डोळे सुजतात, सुजले की लोक विचारतात, म्हणून ती रडली नव्हती. तिनं हे मला नंतर सांगितलं, पण मला ते तेव्हाच दिसत होतं. दुकानापुढं बायांची झुंबड. लिंबाच्या फांद्यांना झोके बांधलेले, घराघरांतून ज्वारीच्या लाह्या फुटल्याचा वास, माहेरी आलेल्या पोरींच्या गाण्यांचे तुकडे रस्त्यावरून जात होते. आणि काशीअक्का एकामागून एक हात हातात घेत होती. सवाष्णी आपलं मनगट तिच्या मांडीवर ठेवायच्या, बांगड्या भरून झाल्या की रीतीप्रमाणं तिला नमस्कार करायच्या. प्रत्येक नमस्काराला मी मान वळवून बघायचे. कुणाला कळलं तर? उद्या यांच्यातल्या एखादीच्या घरी काही वाईट घडलं तर? मी तेव्हा हे सगळं खरं मानणारी होते. आज मानत नाही, असं म्हणते खरी.

पण मी एक गोष्ट पाहिली. नवी नवरी आली की काशीअक्का तिला माझ्याकडं ढकलायची. पोटुशी बाई आली की म्हणायची, “चंद्रा, यांना तू भर, माझा अंगठा मुरगळलाय.” बाकी बायांना ती बांगड्या भरत होती, पोटासाठी भरत होती, पण जिथं तिच्या स्वतःच्या मनाला भीती वाटत होती तिथं ती हात मागं घेत होती. तिला सांगणारं कुणी नव्हतं. तिची तीच रेघ ओढून बसली होती.

आणि त्यातच आमचं दोघींचं बिनसलं. किराणा दुकानदाराची लेक सातव्या महिन्यात माहेरी आली होती. चोळी-बांगडीसाठी त्यांचं बोलावणं आलं, काशीअक्कालाच पाठवा म्हणून. तिचा हात चांगला, असं त्या घरी मानायचे. काशीअक्का म्हणाली, अंगठा दुखतो. अप्पांनी मला पाठवलं. त्या पोरीचे हात सुजलेले होते, माप लहान घेतलेलं, आणि मी हाताकडं बघत होते. तोंडाकडं बघायला धीर नव्हता. तिसरी की चौथी बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली आणि माझ्या बोटांत कडकन वाढली. पोरीच्या हाताला बारीक रक्त आलं. तिची आई उठून उभी राहिली.

“कामून हिला पाठिवलं? काशी कुठं मेली?”

मी तुकडे पदरात घेऊन दुकानात आले. माझ्याआधी तक्रार आली होती. अप्पा त्या दिवशी भिंतीकडं न बघता आमच्याकडंच बघून बोलले. “एकीला काम हुईना, एक काम करंना. हुमनाबादेत माझ्या साडूची भाची हाय. तिला बोलवतो आणि दोघींनाबी रामराम.” माझ्या डब्यात तुकडे पडले. त्या दिवशी तो आवाज साऱ्या दुकानाला ऐकू गेला असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी काशीअक्का निघून गेल्यावर अप्पांनी मला थांबवलं. “चंद्रा, खरं सांग. काशीला काय झालंय? चांगलीचांगली घरं ती कामून सोडायली? वय झालं का तिचं? का दुसऱ्या दुकानात जायलीय?”

माझ्या तोंडात उत्तर होतं. तीन शब्द. ते बोलले असते तर मी त्या दुकानात पाय पसरून बसले असते.

“मला न्हाई ठाऊक, अप्पा,” मी म्हणाले.

लोकांना वाटेल हा मोठेपणा. मला तसं वाटत नाही. मी भ्याले होते. मला असं वाटलं, की आज माझ्या तोंडून हे निघालं, तर उद्या माझ्यावर वेळ आल्यावर असंच कुणाच्या तरी तोंडून निघेल. वेशीकडं मोटारीचा हॉर्न अजून वाजला नव्हता. अशा वेळी माणूस फार जपून बोलतो.

पंचमी झाली. गुंडाप्पाला गिरणीतून रजा मिळाली नाही, असं काशीअक्कानं म्हातारीला सांगून ठेवलं होतं. झोके झाले, नागाला दूध झालं, पोरी मेंदीचे हात घेऊन सासरी निघाल्या. दुकानाच्या भिंती उघड्या पडल्या होत्या, नुसते खिळे आणि दोऱ्या. अप्पांनी दोघींना पगार दिला आणि निकाल सांगायला घसा साफ केला. त्यांच्याआधी काशीअक्का बोलली.

“अप्पा, मला ठेवू नका. माझा मालक गेला. पंचमीच्या आधीच गेला.”

अप्पांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडं गेला. “आणि तू… सगळ्या बायांना…?”

“व्हय. भरल्या. नव्या नवऱ्या सोडल्या, पोटुश्या सोडल्या. बाकी भरल्या. म्हातारीला उपाशी ठेवता यीना.”

अप्पा रोज सकाळी पूजेनंतर शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, वचनं म्हणायचे. सुतक नाही, विटाळ नाही, माणसात भेद नाही, हे त्यांच्या तोंडून मी कितीदा ऐकलं होतं. हे सगळं ज्या गावात सांगितलं गेलं, त्याच गावात आम्ही बसलो होतो. त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

“मला काही वाटत न्हाई, काशी,” ते म्हणाले. “शरण सांगून गेलेत. पण गिऱ्हाइकाला कोण सांगावं? उद्या माझ्या दुकानाची पायरी कोण चढंल?”

“म्हणून तर म्हणायले, ठेवू नका.”

ती उठली. मी तिच्याबरोबर निघाले, पण तिनं हातानं नको म्हटलं. तिनं बांगड्या वाटेतच उतरवल्या. घरी शिरली तेव्हा म्हातारीनं नेहमीसारखं विचारलं नाही. पावलं ऐकू आली आणि बांगड्या ऐकू आल्या नाहीत. म्हातारी भिंत धरून उठली, चाचपत आली, सुनेची मनगटं धरली आणि तिथंच बसली. सारी आळी गोळा होईल एवढा आक्रोश तिनं केला. “म्हातारी रडली,” काशीअक्का मला सांगत होती, “मी चूल पेटवली. दोघींनी रडून कसं चालंल?”

माझी नोकरी राहिली. मी त्या आनंदाची वाट पाहिली, तो आला नाही. रिकाम्या दुकानात बसून मी खिळे मोजायचे, पुन्हा काढून टाकतील अशी भीती तशीच, फक्त आता तिला कुणाचं नाव नव्हतं.

त्या साली पंचमीच्या पाठोपाठ ईद होती. रोजे चालू होते. कचेरीतल्या पेशकारसाहेबांच्या घरून बोलावणं आलं. त्या घरी वर्षानुवर्षं काशीअक्काच जायची. अप्पांनी उरलासुरला चांगला माल माझ्या टोपलीत बांधला. आतल्या चौकात दुपारचं ऊन उतरलं होतं, एकीकडं डाळ भिजत होती. बेगम तक्क्याला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडं एकदा पाहिलं.

“काशी किधर है?”

मी मान खाली घातली. “बीबी, उसका मर्द गुजर गया.”

बेगमनं दुवेसाठी हात उचलले. काहीतरी पुटपुटल्या, चेहऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “मर्द गुजरा. हाथाँ तो नईं गुजरे ना?”

मी टोपली जवळ ओढली.

“सेठ कू बोल, काशी आई तो चूड़ियाँ लेते. नईं तो बीदर से मनिहारन बुलाते.”

मी भरलेली टोपली तशीच परत आणली. अप्पांना निरोप सांगितला, काशी आली नाही तर बीदरची बांगडीवाली येईल म्हणून. ते बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. एक घर गेलं म्हणजे ती सारी मुसलमान गल्ली गेली, हे त्यांनाही कळत होतं. संध्याकाळी ते स्वतः काशीअक्काच्या दारी गेले. त्या गल्लीतली घरं तिची, बाकीची माझी आणि पगार दोघींत वाटून, असं ठरलं. माझा पगार निम्मा झाला. घरी मालकांना सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी जेवून शांत झोपले.

हे किती दिवस चाललं ते पुढचं आहे. दोन-तीन वर्षांनी निजामाचं राज्य गेलं, आणि त्या गोंधळात त्या गल्लीत एकेका दाराला कुलूप लागत गेलं. पेशकारांचं बिऱ्हाड हैदराबादेला गेलं, काही घरांचं काय झालं ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. काशीअक्काला हात द्यायला तिथं कुणी उरलं नाही. मग ती शेंगा फोडायला जायची. तेही सांगायचं तर वेगळा पाऊसकाळ लागेल. माझ्या अंगठ्यात जो ठणकतो, तो हाच पाऊसकाळ.

पेशकारांच्या घरी पहिल्या दिवशी तिला एकटीला जाववेना, म्हणून मी बरोबर गेले. तिची उघडी मनगटं पदराखाली लपवलेली होती. चौकात बसली, टोपली उघडली आणि हात बाहेर काढावेच लागले. बेगमनं ते पाहिले आणि आपला हात तिच्या मांडीवर ठेवला. काशीअक्काची बोटं क्षणभर थबकली. मग मळू लागली. तिच्या हातात एकही बांगडी नव्हती, म्हणून दुसरीच्या मनगटावर उतरणाऱ्या काचेचा आवाज फार स्पष्ट ऐकू येत होता.

घरातल्या साऱ्या बायका झाल्या. शेवटी बेगमनं आतून सुनेला बोलावलं. ती भरल्या दिवसांची होती. चालताना एक हात कमरेवर. काशीअक्का मागं सरकली.

“बीबी, इनको नको. पेट से हैं. मेरे हाथ से नको.”

“कैकू नको?”

“नको बीबी. मेरे कू डर लगता.”

“मेरा रोजा है, काशी,” बेगम म्हणाल्या. “जास्ती बोलने नको लगा. भर.”

पोरगी समोर बसली आणि हात पुढं केला. काशीअक्कानं तो हात घेतला नाही, नुसती बघत राहिली. मग पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. कुठल्या गावची, माहेरी कोण कोण, असं विचारायला सुरुवात केली.  पोरगी सांगू लागली, बीदरची, तीन भाऊ, मोठ्याचं लग्न व्हायचंय. ती भावाबद्दल सांगत असतानाच पहिली बांगडी उतरली. मग दुसरी. मी श्वास धरून बसले होते. दोन्ही हात भरले. एकही वाढली नाही. पोरगी हात हलवून हसली आणि आत गेली.

परतताना आम्ही तळ्याच्या वाटेनं आलो. काशीअक्का पायऱ्यांशी आली, टोपली खाली ठेवली, पाय धुवायला वाकली आणि तशीच बसली. आधी मला वाटलं दमली असेल. मग तिचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. मग आवाज आला. मारुतीनं गाठोडं आणल्या दिवसापासून तिनं जे दाबून धरलं होतं ते सगळं एकदम आलं. ती गुंडाप्पाला हाका मारत होती, त्याला शिव्या देत होती, खण कामून आणलास म्हणून विचारत होती. मी शेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवायचीही मला भीती वाटत होती.

पाणी भरायला आलेली एक परगावची बाई घागर कडेवर घेऊन थांबली. कुणाकडं पाहुणी आलेली असावी, तिच्या हातात पंचमीच्या नव्या बांगड्या होत्या.

“काय झालं वो बाई?” तिनं विचारलं.

“मालक गेला माझा,” काशीअक्का म्हणाली.

“अगं बाई! कवा?”

काशीअक्कानं पदरानं तोंड पुसलं. “आत्ताच,” म्हणाली.